चिलाकिलेस : तळण, साल्सा आणि मधली पाच मिनिटं

चिलाकिलेस करायचे ठरले की पहिलं काम म्हणजे तोर्तिया, मक्याच्या पातळ पोळ्या, शिळ्या पडू द्यायच्या. मेक्सिको सिटीत तोर्तिया किलोवर विकत मिळतात, कागदात गुंडाळलेल्या, हाताला चटका बसेल इतक्या गरम. एका किलोत ३५ ते ४० येतात. जेवणं झाल्यावर त्यातल्या डझनभर तरी उरतातच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कडक होऊन बसलेल्या असतात. त्यांचे तिकोनी तुकडे करून तळायचे, मिरचीच्या उकळत्या साल्सात, म्हणजे दाट रश्श्यात, घोळवायचे आणि वरून क्रेमा (आंबूस साय), चीज नि कच्चा कांदा घालून लगेच ताटात वाढायचे, की झाले चिलाकिलेस. उद्योग आपल्या फोडणीच्या पोळीचाच आहे, फक्त इथे उरलेल्या तोर्तियातलं पाणी आधी पूर्ण काढून टाकायचं असतं आणि मग मोजून परत द्यायचं असतं. हा पदार्थ बिघडतो तो जवळजवळ नेहमी पाण्याच्या हिशोबात.

नाव आस्तेक लोकांच्या नाउआत्ल भाषेतून आलेलं आहे. त्यातला ‘चिली’ उघडच दिसतो, आणि पुढच्या भागाचा अर्थ बहुतेक जण ‘आत घातलेलं, बुडवलेलं’ असा लावतात. एकवचनी ‘चिलाकिल’ क्वचितच ऐकू येतं. ताटात नेहमी अनेकवचनच येतं. एन्कार्नासिऑन पिनेदो यांच्या १८९८ साली सान फ्रान्सिस्कोत छापल्या गेलेल्या स्पॅनिश पाकपुस्तकात चिलाकिलेसच्या कृती आहेत, त्यातली एक सुकटाची, सुक्या कोळंबीची. नुसत्या तळलेल्या तुकड्याला मात्र चिलाकिल म्हणत नाहीत, तो ‘तोतोपो’. आणि तोतोपोंवर वितळलेलं चीज ओतलं तर ते नाचोस. त्यांचं मूळ उत्तरेकडच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात, आणि मेक्सिको सिटीतल्या सकाळच्या नाश्त्याशी त्यांचा काही संबंध नाही.

चार जणांना १२ तोर्तिया पुरतात, म्हणजे साधारण ३०० ते ३२० ग्रॅम. चौदा-पंधरा सेंटिमीटरच्या तोर्तियाचे सहा तुकडे करावेत. आठ केले तर साल्सात हलवताना टोकं मोडतात आणि तळाशी चुरा जमतो. कापलेले तुकडे रात्रभर कापडावर एकेरी पसरून ठेवायचे. घाई असेल तर १५० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटं. तुकडा वाकवून बघावा: नुसता वाकला तर अजून ओला आहे, कडेला बारीक तडा गेला की तळायला तयार.

ताज्या तोर्तियात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं. तसाच तुकडा तेलात सोडला तर वाफ दोन पापुद्र्यांच्या मध्ये अडकते, तुकडा फुगतो, बाहेरून रंग येतो आणि आत ओल राहते. शिवाय एवढं पाणी उकळून काढताना तेल थंड पडतं ते वेगळंच. निघतो तो तुकडा तेलकट आणि वातड. साल्सात पडल्यावर आधी त्याची साल सुटते, मग तो लोळागोळा होतो.

विकतचं पाकीट घेताना मागची बाजू वाचावी. निक्स्तामाल केलेला मका, पाणी आणि चुना एवढंच लिहिलेलं असावं. महिना-महिना मऊ राहाव्यात म्हणून ज्यांत गोंद घातलेला असतो त्या तोर्तिया शिळ्या होतच नाहीत, नुसत्या चिवट होतात. गव्हाच्या तोर्तिया घेऊच नयेत. तळल्यावर त्या छान दिसतात, पण साल्सात पडल्या की दोन मिनिटांत खळ.

निक्स्तामाल म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवून मुरवलेला मका. एक किलो कोरड्या मक्याला साधारण १० ग्रॅम खाण्याचा चुना आणि अडीच-तीन लिटर पाणी. दाण्याचं साल चिमटीत सुटू लागेपर्यंत मंद उकळायचं, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि मग त्याच पाण्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी पिवळं पडलेलं पाणी ओतून दाणे चोळून धुवायचे आणि ओलेच दळायचे. चुन्याने दाण्याची साल विरघळून सुटते, स्टार्च अर्धवट फुलतो आणि पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा येतो. मक्यातलं नायसिन अंगाला लागू लागतं ते याच प्रक्रियेमुळे, पण स्वयंपाकापुरता मतलब त्या चिकटपणाशी आहे. आपल्याकडच्या साध्या मक्याच्या पिठाची भाकरी शिळी करून तळली तर कुरकुरीत होईल, पण साल्सात तिचा रवा होईल. तेव्हा पीठ विकत घ्यायचं तर निक्स्तामालचं कोरडं पीठ घ्यावं, साधं मक्याचं नव्हे.

तळणाला कढईत अडीच-तीन सेंटिमीटर तेल पुरतं, तापमान १७५ ते १८० अंश. पूर्वी डुकराची चरबी वापरत, अजूनही काही घरांत वापरतात, आणि सोबत वाढायच्या बीन्ससाठी मी तीच पसंत करते. तोतोपोंना मात्र साधं तेल बरं. चरबी थंड झाली की तुकड्यावर थिजते आणि साल्सावर तवंग येतो. एका वेळी १५ ते १८ तुकडे, जास्त नाही. तेलात पडल्या पडल्या मोठे, गडबडे बुडबुडे उठतात आणि आवाज भरून येतो. अर्ध्या मिनिटाने झाऱ्याने उलटायचे. दीड मिनिटाच्या सुमारास बुडबुडे बारीक आणि विरळ होतात, आवाज उतरतो आणि झाऱ्याला लागणारे तुकडे खुळखुळायला लागतात. तेव्हाच काढायचे, रंग फिकट सोनेरी असताना. बाहेर काढल्यावर रंग आणखी एक छटा चढतोच. कढईतच तांबूस दिसले तर ते जळकट, कडवट होणार, आणि तो कडवटपणा कुठल्याही साल्साने झाकत नाही. निळ्या मक्याच्या तोर्तिया असतील तर रंगावर जाताच येत नाही. त्या आधीच करड्या-जांभळ्या असतात. तिथे फक्त बुडबुडे आणि आवाज.

काढलेले तोतोपो कागदावर ढिगाने टाकू नयेत. खालच्यांची वाफ वरच्यांत शिरते आणि दहा मिनिटांत सगळे सादळतात. जाळीवर पसरावेत. मीठ चिमूटभर किंवा अजिबात नको, कारण साल्सात मीठ आहे, चीज खारट आहे आणि बीन्समध्येही आहे. हॉटेलातले चिलाकिलेस खारट लागतात ते बहुधा विकतच्या खाऱ्या तोतोपोंमुळे. १२ तोर्तियांचे तळून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास तोतोपो होतात.

तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये १८० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं भाजले तरी कुरकुरीत होतात. चिपा म्हणून खायला चांगले. चिलाकिलेसमध्ये मात्र ते लवकर हार मानतात, कारण तळलेल्या तुकड्याच्या भोकाभोकांत शिरलेलं तेल साल्साचं पाणी थोपवतं आणि भाजलेल्यात ती आड नसते. भाजलेलेच वापरायचे असतील तर साल्सा आणखी दाट आटवावा आणि ताटातच कालवावं.

आता साल्सा. हिरव्याचा जीव आहे तोमातिलो, मेक्सिको सिटीत ज्याला ‘तोमाते’ किंवा ‘तोमाते वेर्दे’ म्हणतात. आपला लाल टोमॅटो तिथे ‘हितोमाते’. बाजारात तोमाते मागून लाल टोमॅटोची अपेक्षा ठेवली तर पिशवीत कागदी आवरणातली हिरवी फळं येतात. रसभरीच्या जवळच्या नात्यातलं फळ, आवरणही तसंच. आवरण सैल, सुकलेलं असलं तरी चालेल, पण आतलं फळ घट्ट आणि आवरण भरून टाकणारं हवं. चार जणांना ७०० ग्रॅम. आवरण काढलं की बोटांना चिकट थर लागतो. तो कडवट असतो. कोमट पाण्यात चोळून बोटांना चिकट लागेनासं होईपर्यंत धुवायचा. इथे घाई केली तर साल्साला मागाहून एक तुरट कडू चव राहते, आणि लोक उगाच मिरचीला दोष देतात.

धुतलेले तोमातिलो आणि तीन-चार सेर्रानो मिरच्या पाण्यात बुडवून मध्यम आचेवर ठेवायच्या. मिरची हालापेन्यो असेल तर दोन पुरतात. आठ-दहा मिनिटांत पोपटी रंग मावळून मेंदीच्या पाल्यासारखा मळकट हिरवा होतो. देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी बदलतो, तिकडे लक्ष ठेवायचं. तो बदलला की गॅस बंद, आणि फळं पाच मिनिटं त्याच पाण्यात. खळखळ उकळू दिलं तर साली फुटतात, गर आणि रस पाण्यात जातो, उरतं ते आंबट चोथ्यासारखं. फळ अख्खं राहायला हवं, कारण त्यातलं पेक्टिन आपल्याला हवं आहे. तोमातिलोचा साल्सा गार झाला की थलथलीत गोठतो तो त्यामुळेच, आणि तोतोपोला चिकटून बसतो तोही त्यामुळेच.

मिक्सरमध्ये उकडलेली फळं, मिरच्या, पाव कांदा, लसणाची एक मोठी पाकळी, मूठभर कोथिंबीर देठांसकट, दीड चमचा मीठ आणि ज्यात फळं उकडली ते पाणी फार तर अर्धा कप. थांबून थांबून फिरवायचं. एकसलग फिरवलं तर हवा शिरून फेस येतो, रंग फिका पडतो आणि बियाही दळल्या जातात.

हे वाटण तसंच वापरलं तर चिलाकिलेस कच्चट आणि पाणचट होतात. ते तेलात परतायला हवं. पसरट पातेल्यात दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवून वाटण एकदम ओतायचं. जोरात चुरचुरलं पाहिजे, नाहीतर तेल तापलं नव्हतं. झाकण हाताशी ठेवावं, शिंतोडे उडतात. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं रटरटू द्यायचं. शेवटच्या पाच मिनिटांत एपासोतेची एक डहाळी टाकायची आणि वाढण्याआधी काढून घ्यायची. एपासोते ही चाकवताच्या कुळातली वनस्पती, वास उग्र, जरासा रॉकेलकडे झुकणारा. नाक मुरडण्यासारखाच आहे, पण साल्सात उतरला की त्याच्यावाचून अळणी वाटायला लागतं. सुका एपासोते वापरला तर वास निम्माही येत नाही. त्यापेक्षा न घातलेला बरा.

साल्सा किती आटवायचा हे ठरवायला वेळ बघू नये, तळ बघावा. लाकडी चमचा पातेल्याच्या तळावरून ओढला की मागे उघडी वाट राहावी आणि सावकाश मिटावी. लगेच मिटली तर पाणी जास्त. मिटलीच नाही तर जास्त आटलं, मग कोंबडीचं किंवा भाज्यांचं पाणी थोडं थोडं घालायचं. सव्वादोनशे ग्रॅम तोतोपोंना ६५० मिलिलिटरच्या आसपास साल्सा लागतो. आंबट झाला तर चिमूटभर साखर. सोडा घालण्याचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नये. फेस येतो, आंबटपणाबरोबर चवही जाते.

लाल साल्सा दोन तऱ्हांचा: एक नुसता हितोमाते आणि ओल्या मिरचीचा, दुसरा सुक्या मिरच्यांचा. दुसरा करायचा तर आठ गुआहिल्यो, दोन आंचो आणि तिखटपणासाठी एक-दोन आर्बोल. गुआहिल्यो रंग आणि किंचित आंबूसपणा देते, आंचो गोडसर जाडी. देठ आणि बिया काढून गरम तव्यावर एकेका बाजूला दहा-पंधरा सेकंद दाबायच्या. वास सुटला, साल किंचित फुगली की बस. काळा डाग पडलेली मिरची बिनदिक्कत टाकून द्यावी, एक जळकी मिरची सगळ्या पातेल्याला कडू करते. मग गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून, तव्यावर भाजलेले तीन हितोमाते, पाव कांदा आणि लसूण घालून वाटायच्या. भिजवलेलं पाणी आधी चाखावं. कडवट असेल तर ओतून द्यावं आणि साधं पाणी घ्यावं. गुआहिल्योची साल चिवट असते, कितीही वाटली तरी तिचे कागदी कण राहतात, तेव्हा हे वाटण गाळणीतून काढावंच लागतं. मग तसंच तेलात परतणं, पण पंधरा मिनिटं. पेक्टिन कमी असल्याने हा साल्सा दाट व्हायला वेळ घेतो.

मिरची गोव्याच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर आली ती अमेरिका खंडातूनच, त्यामुळे पुण्या-मुंबईत लाल साल्साचं फारसं अडत नाही. गुआहिल्योच्या जागी ब्याडगी घेतली की रंग येतो आणि तिखटही आवाक्यात राहतं. आंबूसपणा मात्र एखादा हितोमाते जास्त घालून भरून काढावा लागतो. हिरव्याचं अडतं. कच्च्या टोमॅटोचा साल्सा होतो, खाल्लाही जातो, पण तो तोमातिलोइतका धरत नाही, जास्त आटवावा लागतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना ही अडचण नाही, मेक्सिकन दुकानांत तोमातिलो ढिगाने असतात.

साल्सा आणि तोतोपो दोन्ही तयार असले की पुढचं पाच मिनिटांचं काम, आणि इथेच माणसं भांडतात. कुणाला चिलाकिलेस कुरकुरीत हवेत, कुणाला भिजून मऊ पडलेले. ग्वादालाहाराकडे मातीच्या भांड्यात साल्साबरोबर चांगले शिजवून दाट, जवळजवळ एकजीव करतात. मेक्सिको सिटीतल्या खानावळींत बऱ्याचदा तोतोपो ताटात रचून वरून साल्सा ओततात. ही ओतण्याची पद्धत मला वाढणाऱ्याच्या सोयीची वाटते, खाणाऱ्याच्या नव्हे: वरचे बुडतात, खालचे कोरडे राहतात.

म्हणून पसरट भांडं घ्यावं, तीस सेंटिमीटरचं तरी. साल्सा खळखळता हवा. थंड किंवा कोमट साल्सा तोतोपोवर न चिकटता आत झिरपतो. आच मंद करून आधी दोन तृतीयांश तोतोपो घालायचे आणि चपट्या उलथण्याने तळापासून वर आणायचे. ढवळायचं नाही. अर्ध्या मिनिटात सगळ्यांना साल्सा लागतो. मग उरलेले घालून आणखी दोन-तीन वेळा उलटायचे आणि गॅस बंद. पहिले मधोमध मऊ झालेले असतात, दुसऱ्यांच्या कडा अजून करकरतात, आणि एकाच घासात दोन्ही येतात. इथून पाच मिनिटांत ताटं वाढून झाली पाहिजेत. म्हणूनच वरचं सगळं साहित्य आधी मांडून ठेवावं आणि अंडी तळायची असतील तर ती तोतोपो साल्सात पडण्याआधी तव्यावर असावीत.

वरती पांढऱ्या कांद्याचे पातळ काप, थंड पाण्यातून काढलेले, म्हणजे झोंबत नाहीत. १०० ग्रॅम केसो फ्रेस्को हाताने कुस्करून. हे चीज वितळत नाही, आणि वितळू नयेच. तार सुटणारं चीज घातलं की तोतोपोंचा एक गठ्ठा होतो. क्रेमा पळीतून सांडेल इतकी पातळ. घट्ट सावर क्रीम असेल तर दुधात सैल करून घ्यावं. भांड्याखाली आच असताना क्रेमा घालू नये, आंबट साल्सात फाटते. कोंबडी घालायची तर उकडून सुट्या केलेल्या तुकड्यांची, चौघांना २५० ग्रॅम, आणि ती साल्सात नव्हे, वरून. शेजारी आटवलेले फ्रिहोलेस, म्हणजे बीन्स, उलथण्यावरून एका लोळ्यात सुटतील इतके घट्ट. सैल असले तर ताटात पाणी सोडतात आणि तोतोपो खालून भिजतात. अर्ध्या ताटात हिरवे, अर्ध्यात लाल असे वाढले तर त्यांना ‘दिवोर्सियादोस’ म्हणतात, घटस्फोटित. मध्ये फ्रिहोलेसची भिंत घालायची, नाहीतर दोन्ही साल्से एकत्र होऊन तपकिरी होतात.

मेक्सिको सिटीच्या नाक्यांवर हेच चिलाकिलेस बोलिलो पावात भरून मिळतात, वर पावात तळलेलं मांसही. पावात भरायचे तर हिशोब उलटा: चांगले भिजलेले आणि दाट हवेत. कुरकुरीत टोकं पाव फाडतात, पातळ साल्सा कागदातून हातावर येतो. पावाचा आतला मऊ भाग थोडा उकरून टाकला तर भरण नीट बसतं.

जास्त माणसांसाठी सगळं एकदम कालवण्याच्या फंदात पडू नये. मेक्सिकोत लग्नाच्या रात्री नाच संपत आला की उशिरा चिलाकिलेस वाढायची पद्धत आहे. तिथे साल्सा मोठ्या पातेल्यात मंद उकळत ठेवतात, तोतोपो बाजूला कोरडे असतात, आणि आठ-दहा ताटांपुरतेच एका वेळी घोळवले जातात. पन्नास ताटांचे एकत्र केले तर विसाव्या ताटापर्यंत लगदा झालेला असतो.

साल्सा फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. गोठलेला दिसला तर बिघडला असं समजू नये, पळीभर पाणी घालून उकळला की पूर्ववत होतो, फक्त मीठ पुन्हा बघावं. तोतोपो घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस. सादळले तर १५० अंशांवर पाच मिनिटं. कालवलेले चिलाकिलेस मात्र उरले की परत कुरकुरीत होत नाहीत, ओव्हननेही नाहीत. ते तव्यावर थोड्या तेलात पसरून ओल जरा उडू द्यावी, वर दोन अंडी फोडून मंद आचेवर हलवावीत आणि मीठ अजिबात घालू नये.